मूल सांभाळताना आणि त्याच्याशी खेळताना किती ऊर्जा खर्च होते?

प्रश्न एका आईचा आहे. तिचे वजन ६० किलो आहे. मूल दीड वर्षाचे असून त्याचे वजन सुमारे ११ किलो आहे. दिवसभर त्याला भरवणे, अंघोळ घालणे, कडेवर घेणे, बाबागाडीतून फिरवणे आणि त्याच्यामागे धावणे चालू असते. मनगटावरचे घड्याळ या कामांपोटी रोज ९०० हून अधिक कॅलरी खर्च झाल्याचे दाखवते, रात्री अंगात त्राण उरत नाही, आणि तरीही चार महिन्यांत वजनाचा काटा हललेला नाही. घड्याळ चुकीचे सांगते आहे का, आणि या सगळ्याला व्यायाम म्हणायचे की नाही, असे तिने विचारले आहे.

व्यायाम आणि शरीरक्रियाशास्त्र या क्षेत्रात काम करताना हा प्रश्न माझ्यापुढे वेगवेगळ्या रूपांत अनेकदा आला आहे, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एक बोच असते: आपण एवढे राबतो, मग त्याची नोंद शरीरात कुठे होते? म्हणून उत्तराचा गाभा आधी सांगते. घड्याळाचा आकडा फारसा चुकीचा नाही, पण त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग शरीराने नुसते पडून राहूनही खर्च केला असता. उरलेला खर्च खरा आहे, मोलाचा आहे, आणि त्यातला काही भाग निश्चितपणे व्यायामात मोडतो. मात्र रात्री जाणवणारा थकवा हे या खर्चाचे माप नाही. थकवा आणि ऊर्जा यांची गल्लत झाली की हिशेब जुळेनासा होतो.

ऊर्जेचे माप कसे घेतात ते पाहू. माणूस जितका प्राणवायू वापरतो त्यावरून त्याचा ऊर्जाखर्च काढता येतो, कारण एक लिटर प्राणवायू वापरला गेला की साधारण ५ किलोकॅलरी ऊर्जा मोकळी होते. (बोलताना आपण जिला ‘कॅलरी’ म्हणतो ती किलोकॅलरीच असते.) शांत बसलेल्या माणसाला दर किलो वजनामागे दर मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू लागतो असे धरून त्या पातळीला १ मेट म्हणण्याची पद्धत आहे. सोयीची गोष्ट अशी की १ मेट म्हणजे जवळजवळ दर किलोमागे दर तासाला १ किलोकॅलरी. त्यामुळे ६० किलोची व्यक्ती निवांत बसून तासाला सुमारे ६० किलोकॅलरी खर्च करते, आणि एखादे काम ३ मेटचे असेल तर ते तासभर केल्यास १८० खर्च करते. सूत्र एवढेच आहे: मेट गुणिले वजन गुणिले तास.

कोणत्या कामाला किती मेट लागतात याची सूची बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली आणि २०००, २०११ व २०२४ मध्ये ती सुधारली. मुलांच्या संगोपनाची कामे त्या सूचीत स्वतंत्रपणे नोंदवलेली आहेत, हे पालकांना सांगितले की त्यांना सुखद आश्चर्य वाटते. २०११ च्या आवृत्तीनुसार बाळाला घेऊन आडवे पडणे १.५ मेटचे आहे. मुलाला घेऊन उभे राहणे, किंवा बसून-गुडघ्यांवर टेकून त्याला भरवणे, अंघोळ घालणे, कपडे घालणे २ मेटचे. जमिनीवर बसून खेळणे २.२, उभ्याने हलके खेळणे २.८, उभ्याने करायची देखभालीची कामे ३. साधारण सात किलोंपेक्षा हलक्या बाळाला घेऊन चालण्याला २.३, तर त्याहून जड मुलाला घेऊन चालण्याला ३ मेट दिलेले आहेत. ताशी चार ते पाच किलोमीटर वेगाने बाबागाडी ढकलणे ४ मेटचे आहे. चालत-पळत मध्यम जोमाने खेळणे ३.५ आणि जोरात पळत खेळणे ५.८.

या आकड्यांकडे सावकाश पाहिले तर एक गोष्ट उठून दिसते. संगोपनाची बहुतेक कामे २ ते ३ मेटच्या पट्ट्यात येतात. शास्त्रीय भाषेत ३ मेटच्या खालचे काम हलके, ३ ते ६ मध्यम आणि ६ पासून पुढचे जोमदार. म्हणजे मूल सांभाळणे हे बहुतांशी हलक्या श्रमाचे, पण अत्यंत दीर्घ काळ चालणारे काम आहे. त्याची ऊर्जा तासांच्या संख्येतून साचते.

आता या आईच्या दिवसाचा हिशेब मांडते. बसून-वाकून भरवणे, अंघोळ आणि कपडे यांना दीड तास धरला, उभ्याने करायच्या कामांना एक तास, कडेवर घेऊन चालण्याला अर्धा तास, जमिनीवर बसून खेळण्याला दीड तास, बाबागाडीला चाळीस मिनिटे, मध्यम जोमाच्या खेळाला वीस मिनिटे आणि खरोखर पळण्याला दहा मिनिटे. एकूण वेळ पाच तास चाळीस मिनिटे. वरील मेट वापरून बेरीज केली तर एकूण खर्च ९३० किलोकॅलरींच्या घरात जातो. घड्याळ जे दाखवते त्याच्याशी तो जवळजवळ जुळतो. परंतु एवढ्याच वेळात नुसते बसून राहिले असते तरी ६० च्या दराने ३४० किलोकॅलरी खर्च झाल्याच असत्या. त्या वजा केल्या की मुलामुळे झालेला निव्वळ खर्च सुमारे ६०० उरतो.

इथेही थांबू नये, कारण खरा प्रश्न ‘कशाच्या तुलनेत’ हा असतो. मूल नसते तर हा वेळ बिछान्यावर पडून गेला नसता. समजा टेबलापाशी बसून काम करण्यात गेला असता. ते काम १.५ मेटचे असते. त्या तुलनेत जादा खर्च सव्वाचारशेच्या आसपास येतो. आणि जी व्यक्ती एरवी दिवसभर उभ्याने काम करत होती व आता तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन तासन्‌तास बसते, तिचा ऊर्जाखर्च मूल झाल्यावर कमीही झालेला असू शकतो. असे पालक मी पाहिले आहेत. वजन वाढले की ते स्वतःला आळशी म्हणून दोष देतात, आणि त्यांच्या दिवसाची नोंद पाहिली की कारण सरळ दिसते: बाळ अंगावर झोपलेले असताना त्यांना हलताच येत नसते.

या आकड्यांच्या अचूकतेबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. ३.५ मिलिलिटर हे प्रमाण संकेत म्हणून स्वीकारलेले आहे. ते प्रत्येकाला लागू पडत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सातशेहून अधिक प्रौढांचा विश्रांतीतला प्राणवायूचा वापर मोजला तेव्हा सरासरी २.६ च्या आसपास आली. शरीरातील चरबीचे प्रमाण, वय आणि स्नायूंचे वस्तुमान यांनुसार हा पायाभूत खर्च बदलतो. म्हणून मी असे हिशेब नेहमी शेकड्यांत वाचते: ‘चारशे ते सहाशे’ या उत्तराला अर्थ आहे, ‘पाचशे सत्त्याऐंशी’ या उत्तराला नाही.

मूल उचलण्याबद्दल पालकांचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो, म्हणून त्याचा हिशेब जरा सविस्तर पाहू. ११ किलोचे मूल जमिनीवरून एक मीटर वर उचलायला सुमारे १०८ ज्यूल यांत्रिक कार्य करावे लागते. स्नायू वापरलेल्या ऊर्जेचा साधारण पाचवा ते चौथा भागच कार्यात उतरवतात, उरलेली उष्णतेच्या रूपाने जाते. हे लक्षात घेऊनही एका उचलण्याची किंमत एक दशांश किलोकॅलरीपेक्षा थोडीच जास्त भरते. स्वतःचे धड खाली नेऊन पुन्हा वर आणण्याचा खर्च त्यात मिळवला तरी दिवसात पन्नास वेळा मूल उचलून पंधरा-वीस किलोकॅलरींच्या पलीकडे हिशेब जात नाही. जिन्याचेही तसेच. तीन मीटर उंचीचा एक मजला चढायला ६० किलोच्या व्यक्तीला दोनच्या आसपास किलोकॅलरी लागतात. मूल कडेवर असेल तर त्यात अर्ध्याचीही भर पडत नाही, कारण चढताना मुख्य ओझे आपले स्वतःचे असते.

मग उचलून उचलून कंबर का धरते? कारण पाठीवर येणारा भार आणि खर्च होणारी ऊर्जा या दोन निराळ्या राशी आहेत. मणक्यालगतचे स्नायू कण्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटीमीटरवरून ओढतात. मूल शरीरापासून चाळीस सेंटीमीटर पुढे धरले तर तरफेच्या नियमाने त्या स्नायूंना मुलाच्या वजनाच्या आठपट जोर लावावा लागतो. तेच मूल छातीशी घेऊन अंतर वीसवर आणले तर चौपट. शिवाय वाकलेल्या धडाचे वजन वेगळे. एका क्षणाचा हा भार फार मोठा असतो, पण तो क्षणभरच असल्याने ऊर्जेच्या खात्यात त्याची नोंद नगण्य होते. म्हणून मूल उचलण्याची पद्धत सुधारण्याचा सल्ला मी कॅलरींसाठी देत नाही, पाठीसाठी देते: आधी मुलाच्या अगदी जवळ जावे, एक गुडघा टेकवावा, मूल अंगाशी घ्यावे आणि मग पायांच्या जोरावर उठावे. कडेवर घेताना बाजू आलटून-पालटून बदलावी. बहुतेकांची एक ‘आवडती’ कड असते आणि त्याच बाजूचे कंबरेचे दुखणे घेऊन ते येतात. हातांवर घेण्यापेक्षा अंगाला बांधायच्या झोळीत घेऊन चालणे स्वस्त पडते, हेही मोजून पाहिलेले आहे. ज्याला दिवसभर पुरायचे आहे त्याने ही बचत जरूर करावी.

आता घड्याळाकडे वळू. मनगटी यंत्रे हृदयाची गती बऱ्यापैकी नेमकी टिपतात, पण तिच्यावरून ऊर्जेचा अंदाज बांधताना घसरतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये साठ स्वयंसेवकांवर सात यंत्रे तपासली. सातांपैकी सहा यंत्रांची हृदयगतीतील चूक ५ टक्क्यांच्या आत होती, पण ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत चांगल्या यंत्राची सरासरी चूकही २७ टक्के होती आणि सर्वांत वाईट यंत्राची ९३ टक्के. मूल सांभाळणाऱ्याच्या बाबतीत ही चूक दोन्ही दिशांनी होते, आणि तिची कारणे समजण्यासारखी आहेत. बाबागाडी ढकलताना किंवा मूल कडेवर असताना हात स्थिर राहतो, त्यामुळे हाताच्या हेलकाव्यांवरून पावले मोजणाऱ्या यंत्राला बरीच पावले कळतच नाहीत. याउलट, जड वस्तू न हलवता धरून ठेवली की स्नायू आखडलेले राहतात, रक्तदाब आणि हृदयगती वाढते, पण त्या प्रमाणात प्राणवायू खर्च होत नाही. हृदयगतीवर विसंबलेले यंत्र तेव्हा खर्च फुगवून सांगते. मूल अर्धा तास किंचाळून रडत असताना आपले काळीज धडधडते, तेही यंत्र व्यायामात धरते. या आईचा आकडा माझ्या हिशेबाशी जुळला, यात या उलटसुलट चुकांनी एकमेकींना झाकल्याचा भाग असू शकतो. म्हणून घड्याळ टाकून द्यायची गरज नाही; आजची कालशी तुलना करायला ते उपयोगी आहे, कॅलरींचा जमाखर्च मांडायला नाही.

वजन का हलत नाही, याला एकच कारण नसते. पहिले म्हणजे झोप. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये बारा तरुण निरोगी पुरुषांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिले तेव्हा, दहा तासांच्या झोपेच्या तुलनेत, तृप्ती कळवणारे लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी घटले, भूक चाळवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि भुकेची जाणीव २४ टक्क्यांनी वाढली. तो प्रयोग लहान होता आणि दोन रात्रींचा होता. लहान मुलाच्या पालकांची झोप महिनोन्‌महिने तुटक असते. अशा अवस्थेत चारशे किलोकॅलरींची भरपाई खाण्यातून नकळत होऊन जाते. मुलाच्या ताटात उरलेले घास उभ्या उभ्या तोंडात टाकले जातात, ते कोणीच मोजत नाही.

दुसरे कारण शरीराच्या काटकसरीचे आहे. दिवसातल्या एकूण ऊर्जाखर्चाचे सर्वांत विश्वासार्ह माप जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेले पाणी पाजून घेतात. नेथन लिफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये प्राण्यांसाठी शोधलेली ही पद्धत १९८० च्या दशकात माणसांवर वापरात आली. तिच्या आधारे हर्मन पॉन्झर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये असे मांडले की हालचाल वाढत गेली तरी एकूण खर्च त्याच प्रमाणात वाढत नाही. एका मर्यादेनंतर शरीर इतर कामांत बचत करते. बचत नेमकी किती आणि कोणामध्ये, यावर अजून वाद आहे, पण रोजच्या अनुभवात तिचा सोपा भाग सहज दिसतो: मूल झोपल्याबरोबर आपण जागचे हलत नाही. दिवसभराचे जादा श्रम संध्याकाळच्या निश्चलतेने अंशतः फिटतात.

स्तनपान चालू असेल तर तो मात्र मोठा आणि निर्विवाद खर्च आहे. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठ यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीच्या हिशेबानुसार पहिल्या सहा महिन्यांत निव्वळ स्तनपानासाठी रोज सुमारे ६७५ किलोकॅलरी लागतात. त्यातील १७० च्या आसपास गरोदरपणात साठलेल्या चरबीतून येतात असे धरले, तरी रोजच्या आहारात साधारण ५०० ची भर हवी. म्हणजे पूर्ण स्तनपान देणाऱ्या आईचा हा एकटा खर्च वर मांडलेल्या दिवसभराच्या धावपळीच्या जवळपास आहे, आणि तो होत असताना ती बहुधा बसलेली असते. मूल वरचे खाऊ लागले की दूध कमी होते आणि हा खर्च उतरत जातो. दीड वर्षाच्या मुलाच्या बाबतीत तो बराच लहान असेल. पहिल्या महिन्यांत भूक वाढली म्हणून अपराधी वाटून घेणाऱ्या मातांना मी हे आकडे मुद्दाम दाखवते.

खेळाचा भाग मी शेवटी ठेवला, कारण आपल्या हातात सर्वांत जास्त तेवढेच आहे. अंघोळ घालण्याचा वेग वाढवून काही मिळणार नाही, पण मैदानावरचा एक तास कसा जातो यात मोठा फरक पडतो. त्याच ६० किलोच्या व्यक्तीने तो तास बाकावर बसून काढला (१.३ मेट धरून) तर निव्वळ जादा खर्च जेमतेम १८ किलोकॅलरी होतो. उभे राहून, इकडेतिकडे सरकत, मधूनमधून हात देत काढला तर १०८. त्यातली वीस मिनिटे खरोखर पळापळीची असतील आणि चाळीस मिनिटे उभ्याने, तर सुमारे १७०. मूल तेच, मैदान तेच आणि वेळही तोच. पालक प्रेक्षक आहे की गडी आहे, एवढ्यानेच खर्च नऊपट झाला.

मात्र ‘आम्ही तासभर खेळलो’ हे वाक्य मी कधीच जसेच्या तसे हिशेबात घेत नाही. पालकांना पळण्याची खरी मिनिटे मोजायला सांगितली की तासाची बहुधा आठ-दहा मिनिटे निघतात. यात कुणाचा दोष नाही. मुलांच्या खेळाची लयच तशी असते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या हालचाली काही सेकंदांच्या अंतराने नोंदवल्या गेल्या, तेव्हा जोमदार हालचालीच्या एका झटक्याचा मध्यक कालावधी (निम्मे झटके ज्याहून लांब नसतात तो) केवळ तीन सेकंद आढळला आणि असे बहुतेक सर्व झटके पंधरा सेकंदांच्या आत संपत होते. मूल झेपावते, थांबते, एखादा दगड पाहते, पुन्हा झेपावते. त्याच्याबरोबर खेळणाऱ्या प्रौढाच्या वाट्याला आपोआप तुकड्या-तुकड्यांचा, मध्ये विश्रांती असलेला श्रम येतो.

या तुटक श्रमाला पूर्वी व्यायामात जागा नव्हती. निदान दहा मिनिटे सलग हालचाल झाली तरच ती धरावी, असा दंडक होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती अट काढून टाकली. प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत, असे त्या सूचना सांगतात. २०२२ मध्ये, व्यायाम न करणाऱ्या पंचवीस हजारांवर ब्रिटिश प्रौढांच्या यंत्रनोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोजच्या कामांच्या ओघात दिवसातून तीनदा, एक-दोन मिनिटे दमछाक होईल अशी हालचाल ज्यांच्याकडून घडत होती, त्यांच्यात पुढील सुमारे सात वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अशी हालचाल मुळीच नसलेल्यांपेक्षा ३८ ते ४० टक्क्यांनी कमी आढळले. हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे, त्याने कारण सिद्ध होत नाही. तरी मुलाला खांद्यावर घेऊन चढ चढणे किंवा घसरगुंडीपर्यंत शर्यत लावणे निरर्थक नाही, एवढे त्यातून ठामपणे म्हणता येते.

म्हणून या आईच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे. तिच्या दिवसातली बाबागाडीची चाळीस मिनिटे वेगाने चालण्याची असतील तर ती मध्यम व्यायामात धरावीत. मूल उतरून स्वतःच्या पायांनी चालू लागले की वेग गोगलगायीचा होतो आणि श्रम २ मेटवर येतात. ती मिनिटे मुलासाठी उत्तम आहेत, पण आपल्या खात्यात धरू नयेत. मध्यम खेळाची वीस मिनिटे धरावीत, आणि पळण्याच्या दहा मिनिटांत बोलताना शब्द तुटत असतील तर ती दुप्पट धरावीत. कसोटी साधी आहे: बोलता येते पण गाता येत नाही, तो मध्यम श्रम, काही शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोमदार. या मोजणीने असे दोन दिवसही आठवड्याच्या १५० मिनिटांच्या किमान मर्यादेपर्यंत नेतात. भरवणे, अंघोळ आणि जमिनीवरचे खेळ यांत धरू नयेत. ऊर्जेच्या खात्यात ते मोठे आहेत, पण हृदय आणि फुप्फुसांची क्षमता वाढवायला पुरेसे नाहीत.

स्नायूंच्या बळकटीचे उत्तर मात्र अर्धेच ‘हो’ आहे. मुलाचे वजन पहिल्या वर्षात जन्माच्या जवळपास तिप्पट होते, म्हणजे पालकाचा भार आपोआप हळूहळू वाढत जातो, आणि हळूहळू वाढणारा भार हेच बळकटीचे तत्त्व आहे. पण या उचलण्यात मांड्या, हात आणि पाठीचा खालचा भाग तेवढाच राबतो, तोही एका बाजूने. खांद्यांच्या मागचे स्नायू, जे सतत पुढे झुकल्याने ताणलेले राहतात, त्यांना कामच मिळत नाही. आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस मिनिटे ओढण्याचे व्यायाम, नितंब उचलण्याचे व्यायाम आणि पोटाच्या खोल स्नायूंचे व्यायाम वेगळे करावेच लागतात. नुकतीच प्रसूती झालेल्या मातांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंपासून सुरुवात करावी आणि साधारण तीन महिने होण्यापूर्वी धावण्याच्या किंवा उड्यांच्या खेळात उतरू नये. त्यानंतरही लघवी निसटणे किंवा खाली ओढल्यासारखे वाटणे जाणवत असेल तर थांबून तपासणी करून घ्यावी.

मूल मोठे होत जाते तसा हा सगळा हिशेब पालटतो. तान्ह्या बाळाची देखभाल सरासरी अडीच मेटच्या आसपास राहते, दोन-तीन वर्षांच्या मुलामागे सर्वांत जास्त पावले पडतात, आणि मूल पाच-सहा वर्षांचे झाले की उचलणे-भरवणे जवळजवळ संपते. पकडापकडी, चेंडूचे खेळ आणि लंगडीसारखे खेळ मोठ्या माणसानेही खेळले तर ५.८ मेटपर्यंत जातात. पण नेमक्या याच वयात मुलाला स्वतःचे सवंगडी मिळतात आणि पालक मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहतो. या टप्प्यावर पालकांचे वजन वाढते असे मी पुष्कळदा पाहिले आहे: खाणे पूर्वीसारखेच राहते, धावपळ मात्र गुपचूप निघून जाते.

उरला रात्रीचा थकवा. सतत लक्ष ठेवणे, मधेच तुटणारी झोप, कामाचा वेग स्वतःच्या हाती नसणे आणि तासन्‌तास वाकलेली पाठ यांतून तो येतो, आणि यांपैकी कशाचेही माप कॅलरींत होत नाही. तो कमी करायचा असेल तर आणखी व्यायामाच्या आधी आठवड्यातल्या निदान दोन रात्री सलग झोप मिळेल अशी घरात वाटणी करावी. परंतु झोप मिळूनही गळाठा जात नसेल, एक मजला चढताना पूर्वी लागत नव्हती अशी धाप लागत असेल, छातीत धडधड होत असेल, केस फार गळत असतील किंवा मन सतत उदास राहत असेल, तर त्याचे कारण मुलामागच्या धावपळीत शोधत बसू नये. प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइड ग्रंथीचा दाह होऊ शकतो, लोहाची कमतरता तर फार सामान्य आहे, आणि प्रसूतीनंतरचे नैराश्य अनेकदा थकव्याच्या रूपानेच समोर येते. या आईने रात्री अंगात त्राण उरत नसल्याचे लिहिले आहे, म्हणून तिने हिमोग्लोबिन, लोहसाठा दाखवणारे फेरिटिन आणि थायरॉइडची चाचणी येत्या आठवड्यातच डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी, आणि खेळाच्या मिनिटांची नोंद त्या निकालांनंतर सुरू करावी.